उजव्या हातातल्या बांगड्या

डोंबिवली (पूर्व)
४ फेब्रुवारी १९९६

शेवंती,

मायना काय लिहावा यातच माझा पाऊण तास गेला. ‘चिरंजीव’ लिहावं तर तू आता स्वतः पोरं हाकणारी शाळेतली बाई. ‘सौभाग्यवती’ लिहावं तर तुझ्या लग्नाचं मला बोलावणं नव्हतं. म्हणून नुसतंच शेवंती. मी सरोज गुप्ते. ठाण्याची, तुमच्या कोळीवाड्यासमोरच्या बिल्डिंगमधली नाटकवाली बाई. आठ वर्षं झाली आम्ही डोंबिवलीला आलो त्याला.

तुझा पत्ता मी चोरलाय, हे आधीच सांगते. गेल्या रविवारी कल्याणच्या बालनाट्य स्पर्धेत परीक्षकांच्या टेबलावर मधली जाड चष्मेवाली होती ना, ती मी. टिटवाळ्याच्या शाळेच्या अर्जावर दिग्दर्शिकेचं नाव शेवंती वाचलं आणि खालचा पत्ता गुपचूप उतरून घेतला. तुमचा प्रवेश सुरू व्हायच्या आधी पाणी प्यायचं निमित्त करून मी विंगेत डोकावले. तू पाठमोरी होतीस. नव्या बिल्डिंगांमधली गोरीगोमटी पोरं आणि पाड्यावरची पोरं एका रांगेत उभी, आणि तू एकेकापुढे वाकून विचारत होतीस, “कुठे टोचतंय का रे? काही नकोसं वाटतंय का?” विचारून पुढे जात नव्हतीस. उत्तर येईपर्यंत थांबत होतीस. एका पोरीने मान हलवली, तर तू तिची ओढणी सोडून पुन्हा बांधलीस.

मी मागच्या दाराने परत गेले. तुला भेटले नाही. तुमच्या नाटकाला दुसरा नंबर मिळाला. मी पहिला दिला होता, पण बाकीच्या दोघांपुढे माझं काही चाललं नाही.

घरी आल्यापासून काही सुचत नाही बघ. सुधीर म्हणतात, “तू ठाण्यातच राहिलीस, इथे नुसतं सामान आलं.” खरंच आहे ते. डोळे मिटले की ते मैदान दिसतं. एका बाजूला तुमची जाळी आणि वाळत घातलेले बोंबील, दुसऱ्या बाजूला आमच्या पोरांचे स्टंप. रोजची मारामारी. आमच्या आनंदचा चेंडू सुकटीवर पडला की तुझा थोरला भाऊ चंदू तो खाडीत भिरकावून द्यायचा, आणि मग संध्याकाळी आमच्या बिल्डिंगची एखादी काच जायची. सोसायटीवाल्यांनी वासाबद्दल तक्रारअर्ज लिहिला होता. त्यावर सही न करणारी मी एकटीच. कशी करणार? गुप्त्यांच्या घरात मासळीशिवाय पान हलत नाही, आणि पाटी घेऊन दारात येणारी तुझी आई. कलावतीने आणलेली निवटी खायची आणि तिच्याच बोंबलांच्या नावाने नाक मुरडायचं, हे मला जमणारं नव्हतं.

नाटकाची कल्पना माझी, पण पोरं जमवली तुझ्या आईने. आठवतं? पाटी डोक्यावर ठेवूनच ती ओरडली होती, “चंद्या, बायच्या नाटकान जा, नायतर रातच्याला जेवान नाय!” सत्तावीस पोरं जमली. पहिले दोन दिवस ती भिंतीला दोन्हीकडून चिकटून बसली. मग निळं लुगडं आणलं, समुद्र करायला. त्याचं एक टोक आनंदच्या हातात आणि दुसरं चंदूच्या. एकाने हलवून लाट होत नाही, दोघांनी मिळूनच हलवावं लागतं. तिथे गाठ बसली त्यांची. आनंदने पुठ्ठ्याची होडी केली तेव्हा चंदू काय म्हणाला होता? “ही होडी हाय का आंगोलीचा टप?” आणि मग त्यानेच बसून ती दुरुस्त केली होती.

आणि तू. तेरा वर्षांची, काडीसारखी. पण आवाज? मी सगळ्यांच्या मागे लागायचे, “मागच्या रांगेला ऐकू गेलं पाहिजे!” तुला कधी सांगावं लागलं नाही. नाखव्याच्या बायकोचं काम तुझंच, याबद्दल कोणाचं दुमत नव्हतं. तालमीला तुझी आई ओट्यावर बसून गाणी सांगायची आणि आमच्या बिल्डिंगमधल्या बायका चहाचा थर्मास घेऊन तिच्या शेजारी बसायला लागल्या होत्या. त्या तक्रारअर्जाचं पुढे काय झालं, ते कोणी विचारलंच नाही. माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दोन महिने होते ते. शाळेत चोवीस वर्षं चित्रकला शिकवली, त्यातलं काही एक असं आठवत नाही.

शेवटी जे झालं ते झालं. मला तुमच्या रीती माहीत नव्हत्या, कोणी सांगितल्याही नाहीत. अजाणता घडलं सगळं. तू ते मनात ठेवलं नसशील अशी आशा करते.

तुझी,
सरोज गुप्ते

---

डोंबिवली
२६ फेब्रुवारी १९९६

शेवंती,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळींचं. “बाई, सगळं छान आठवलंत. एकच गोष्ट विसरलात.”

हे काय बोलणं झालं? मी चार पानं लिहिली आणि तू दोन ओळी. मला राग आला, खोटं कशाला बोलू. सुधीर विचारत होते काय लिहिलंय, तर मी कार्ड डब्याखाली सरकवलं.

मी काही विसरले नाही. चल, क्रमाने सांगते, मग तूच ठरव.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, पंच्याऐंशी साली, मैदानावर प्रयोग झाला. अर्धं मैदान बिल्डिंगवाले, अर्धं कोळीवाडा, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते मिसळून बसलेले. तुझी आई पहिल्या रांगेत, हिरवंगार लुगडं नेसून. शेजारी म्हाताऱ्या आवडाबाई. तू दर्याची पूजा करायला नारळ घेऊन रंगमंचावर आलीस. दोन्ही हात वर केलेस. दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या.

आणि पुढच्या रांगेतलं हसणं-बोलणं एकदम थांबलं. आवडाबाई उठल्या. मग एकामागून एक सगळ्या कोळणी उठल्या. तुझं गाणं संपलं तेव्हा टाळ्या वाजवायला फक्त आमचे लोक उरले होते. ते बिचारे जोरजोरात वाजवत होते. मला वाटलं, स्वयंपाकाची वेळ झाली म्हणून बायका गेल्या असतील. इतकी मी शहाणी.

नंतर कळलं. तुमच्यात लग्न झालं की बाई उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला वाहते. तो हात दर्याकडे ठेवलेला, नवऱ्याला सांभाळ म्हणून. तो जन्मभर मोकळाच राहतो. मी तुझ्या आईच्या हातून सहा वर्षं मासळी घेतली आणि एकदाही तिचा उजवा हात बघितला नाही. चित्रकलेची शिक्षिका! नाखव्याच्या बायकोने उजव्या हातात बांगड्या घालून दर्यापुढे उभं राहायचं म्हणजे दिलेलं परत मागायचं. तेही होड्या सुटायच्या आदल्या दिवशी.

झाली माझी चूक. मी नाकारते कुठे? पण चूक आणि पाप यांत फरक असतो. बाकी तुझं तू जाण.

स. गुप्ते

---

डोंबिवली
२१ मार्च १९९६

शेवंती,

मागचं पत्र फाडून टाक. टपालपेटीत टाकलं आणि हात आत घालून परत काढावंसं वाटलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते हेच.

तीन आठवडे मी स्वतःशी भांडतेय. काल पाडव्याची गुढी उभारताना हातातून तांब्याच सटकला. सुधीर म्हणाले, “काय आहे ते एकदा सांगून टाक कोणालातरी.” त्यांनाही ठाऊक नाही. एका छताखाली राहतोय आणि अकरा वर्षांत त्यांनाही मी कधी सांगितलं नाही.

तू मला सांगितलं होतंस.

घे. लिहिलं एकदाचं.

विंगेत तू उभी होतीस, नारळ हातात. मी बघितलं, डावा हात भरलेला आणि उजवा रिकामा. मला वाटलं घाईत राहिल्या. शिल्लक बांगड्या माझ्या पिशवीत होत्या. मी तुझा हात धरला आणि भरायला लागले. तू हात मागे ओढलास. म्हणालीस, “बाई, ह्या हातात नको. हा हात दर्याचा आहे.” अगदी स्पष्ट. तुझा आवाज मागच्या रांगेला जायचा, मला काय ऐकू आलं नसेल? आणि मी काय म्हणाले ते तुला आठवत असेलच, पण मला माझ्या हाताने लिहू दे. मी म्हणाले, “दर्या आत्ता कुठे बघायला आलाय? चल, पडदा उघडतोय.” आणि शेवटच्या दोन बांगड्या दाबून चढवल्या. एक फुटली. तुझ्या मनगटावर रक्ताचा थेंब आला तो मी माझ्या पदराने पुसला.

इथपर्यंत मूर्खपणा म्हणता येईल. पुढचं मात्र म्हणता येणार नाही.

होड्या गेल्या आणि तुझ्या वडिलांची, दामाजींची, होडी परत आली नाही. एक दिवस, दोन दिवस. कोळीवाड्यात एकच बोलणं. चौथ्या दिवशी सकाळी तुझी आई माझ्या दारात आली. पाटी नाही, डोक्यावर पदर नाही, डोळे सुजलेले. तू दोन पायऱ्या खाली उभी होतीस. आवाज ऐकून जिन्यातली सगळी दारं उघडली होती. सेक्रेटरी बनियनवर बाहेर आले होते. ती म्हणाली, “बाय, पोर बोलतंय तिनं तुमाला सांगलं व्हतं. तुमी आयकला नाय. खरं सांगा.”

मी त्या सगळ्यांकडे बघितलं. मनात आलं, हो म्हटलं तर दामाजींचं सगळं माझ्या माथी. इतक्या खटपटीने जमवलेली पोरं, ते मैदान, सगळं एका शब्दात जाईल. असं मी स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मी घाबरले. शेजाऱ्यांसमोर माझी शोभा होईल म्हणून घाबरले, बाकी काही नाही.

मी म्हणाले, “नाही गं कलावती. मला काही बोलली नाही ती.”

तिने वळून तुझ्या तोंडात मारली. तू तिच्याकडे बघितलं नाहीस. तू माझ्याकडे बघत होतीस.

दुसऱ्या दिवशी दामाजी आले. इंजिन बंद पडून होडी रेवसच्या बाजूला लागली होती, माणूस धडधाकट. कोळीवाड्यात पेढे वाटले, मलाही आले. मी ते खाल्ले. मला वाटलं, सुटलो सगळे. पण तू कुठे सुटलीस? बाप समुद्रावर असताना बाईवर खोटं ढकलणारी पोर. दिवाळीनंतर तुला खडवलीला आत्याकडे पाठवलं, असं कळलं. नाटक पुन्हा झालं नाही. पोरं जमायची, पण मीच सबबी सांगायचे.

तू रागावलीस तरी चालेल. खरं तर रागावच.

सरोजबाई

---

डोंबिवली
३० एप्रिल १९९६

शेवंती,

या वेळी पत्र लांब होतं तुझं. एक अख्खं पान. मी ते देवापुढे ठेवलं आणि मग हसू आलं, की हे काय देवाचं काम आहे?

तू लिहिलंस: “बाई, मला सांगून काय उपयोग? मला तर माहीतच आहे. मी तिथेच होते. माझ्या आईला सांगा. अकरा वर्षं मी नारळी पौर्णिमेला घरी गेलेली नाही. ती माझ्या लग्नाला पाहुण्यासारखी आली आणि जेवून गेली. मी शाळेत पहिली आले तेव्हा तिने निकाल हातात घेऊन शेजारणीला विचारलं, खरा आहे ना गं? तिला माझं काहीच खरं वाटत नाही बाई.”

हे वाचून मी गॅस बंद केला आणि पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मेलं माझं लक्षण ते. मला वाटत होतं मी एक वाक्य बोलले. ते वाक्य अकरा वर्षं तुमच्या घरात राहतंय.

जाते. मी जाईन. फक्त गुडघ्याचं दुखणं वाढलंय, आणि उन्हाळा फार आहे. जूनमध्ये जाते.

सरोजबाई

---

डोंबिवली
१४ जुलै १९९६

शेवंती,

कार्ड मिळालं. “गुडघा कसा आहे?” एवढंच. अगं, टोमणा मारायला कुठे शिकलीस? माझ्याकडेच शिकली असशील.

दोनदा निघाले. एकदा ठाणे स्टेशनपर्यंत गेले, पुलावर चंदूसारखा कोणीतरी दिसला आणि परतीचं तिकीट काढलं. तो चंदू नव्हताच. पोरांना मी सांगायचे, भीती वाटली तर खोल श्वास घ्या आणि पहिलं वाक्य म्हणा, पुढची आपोआप येतात. माझं पहिलं वाक्यच तोंडातून निघत नाही. पन्नास वर्षांची घोडी झाले तरी.

तुझी आई मला हाकलून देईल याची भीती नाही. तिने “बसा बाय, चहा घ्या” म्हटलं तर मी काय करू?

सरोजबाई

---

ठाणे, कोळीवाडा
२१ ऑगस्ट १९९६

शेवंती,

कागदाच्या रेघा बघून ओळखलं असशील. चंदूच्या मुलीच्या वहीतलं पान आहे. मी तुमच्या ओट्यावर बसून लिहितेय. तुझी आई समोर कोळंबी सोलतेय. दामाजी पलीकडे जाळं विणतायत आणि माझ्याकडे बघून न बघितल्यासारखं करतायत.

सकाळी दहाला आले. मैदान अर्धं राहिलंय, उरलेल्या अर्ध्यावर सात मजले उभे आहेत. बोंबील मात्र तिथेच वाळतायत. तुझी आई म्हणाली, “या बाय, लय वर्सांनी. चहा घ्या.” झालं! मला ज्याची भीती होती तेच. मी म्हटलं, “कलावती, चहा नको. आधी ऐक.” आणि खोल श्वास घेऊन पहिलं वाक्य म्हटलं. पुढची आपोआप आली. आवाज इतका बारीक निघाला की माझा मलाच कळेना.

ती ऐकत राहिली. हातातली कोळंबी तशीच. सगळं संपल्यावर ती उठली, आणि मला वाटलं आत जाईल, दार लावेल. तर ती गल्लीत गेली आणि हाका मारायला लागली. “आवडाबाय, भाइर ये! ए चंद्या, ये! दगडाबाय, तुजी सून घेऊन ये!” पंधरा-वीस माणसं जमली. आवडाबाईंना दोघांनी धरून आणलं, त्यांना आता नीट दिसत नाही.

मग ती मला म्हणाली, “आता परत सांगा. मोठ्यान.”

“कलावती, अगं...”

“पोर खोटी हाय, ह्या तुमी जिन्यान सगल्यांसमोर बोललाव. आता खरा पन सगल्यांसमोर बोला. मागच्या रांगेला आयकू गेला पायजे. तुमीच शिकवलाव ना पोरांना?”

उभी राहिले. गुडघा दुखत होता. आणि शेवंती, मी सांगितलं. तुझा हात, दर्याचा हात, माझं ते घाणेरडं वाक्य, फुटलेली बांगडी, जिना, सगळं. मोठ्याने. सात मजली बिल्डिंगच्या दोन खिडक्यांतून लोक बघत होते. बघू देत. आवडाबाई मध्येच म्हणाल्या, “म्हंजी पोरीनं सांगला व्हता?” मी म्हटलं, “हो, सांगितलं होतं. ती खरं बोलत होती.” त्या म्हणाल्या, “परत बोल.” मी परत बोलले.

कोणी मला शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. चंदू मान खाली घालून उभा होता. मग म्हणाला, “बाई, आम्ही तिला खोटी शेवंती म्हणायचो. मी पण.” आणि निघून गेला. दामाजी एवढंच बोलले, “मी तर जित्ता आलतू. मंग पोरीला का घालवलीव?” तुझ्या आईकडे बघून बोलले ते. अकरा वर्षांत पहिल्यांदाच विचारलं असेल, असं वाटलं.

माणसं पांगल्यावर तुझी आई ओट्यावर बसली आणि आपला उजवा हात पुढे धरून बघत राहिली. मोकळा हात. पंजा फुगलाय आता तिचा, बोटं वाकलीत. म्हणाली, “ह्या हातान मारली तिला. दर्याला दिलेल्या हातान.” मग रडली. मीही रडले. एकमेकींच्या गळ्यात वगैरे पडलो नाही. ती तिच्या जागी, मी माझ्या.

थोड्या वेळाने तिने डोळे पुसले, मागून कोळंबीची पाटी ओढली आणि म्हणाली, “कागद घ्या. मी सांगतंय तसा लिवा. तुमचा एक पन शबुद नको.”

तर आता ती सांगतेय आणि मी लिहितेय:

“शेवंती. ही बाय खोटारडी हाय.” (लिहिलं.) “पन आली. पायानं लंगरत आली. म्हनून चहा दिला. तुला म्या मारली तवा तू रडली नाय. मी आता रडतंय. तू खरी हायस. सगल्या कोलीवाड्याला ठाव झाला. आवडाबायला दोनदा सांगला. पुढच्या बुधवारी नारली पुनव हाय. नवऱ्याला घेऊन ये. आधल्या दिवशीच ये. त्या सात माल्याच्या बिल्डिंगीतली पोरा आपल्या पोरांशी रोज मारामारी करतान, काल चंद्याच्या पोरीचा डोका फोरला. त्यांचं नाटक बसव. तू बसव, बाय नाय. बाय पडदा वढंल. पोरींच्या हातान बांगड्या तू भर.”

मी विचारलं, “झालं?” ती म्हणाली, “वाचा.” मी वाचून दाखवलं. ‘खोटारडी’ मोठ्याने वाचलं की नाही, याकडे तिचं बारीक लक्ष होतं. मग म्हणाली, “आता सही.”

तिला सही येत नाही, तुला माहीत आहेच. अंगठ्याला शाई नव्हती. खाली जो ओला डाग दिसतोय तो पावसाचा नाही आणि माझ्या रडण्याचाही नाही. तिने उजवा हात कागदावर टेकवलाय. कोळंबी सोलत होती, तेव्हा थोडा वास येईल.